झिंग्याचे दुःख आणि दानाचा हिशेब

भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारी तलावांच्या पाळीवर खेळत वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना झिंगा काही नवा नाही. ढिवर बांधवांच्या जाळ्यातून तो आठवडी बाजारात येतो आणि तेथून आपल्या स्वयंपाकघरात. तथापि प्राणिमात्रांविषयीच्या करुणेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर गाय, कुत्रा, फार तर चिमणी उभी राहते; झिंगा उभा राहत नाही. आज जगात केवळ या जीवाच्या दुःखासाठी काम करणारी एक संस्था आहे. तिच्या निमित्ताने दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. झिंग्याला वेदना होतात काय? आणि दानावर चालणारी एखादी संस्था खरोखर उपयोगी पडते की नाही, हे कसे पारखावे? दुसरा प्रश्न दान देणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

हा व्यवसाय केवढा आहे?

आपल्या तलावांतील झिंगा बहुधा नैसर्गिकरीत्या वाढलेला असतो. समुद्रकिनाऱ्यालगतच्या तळ्यांत पाळली जाणारी कोळंबी मात्र निराळी. व्हनामी नावाची ही मूळ अमेरिका खंडातील जात २००९ मध्ये भारतात व्यापारी पालनासाठी आली आणि आज देशातील बहुतेक संवर्धन तिचेच आहे. त्यात आंध्र प्रदेश सर्वांत पुढे आहे. २०२३-२४ मध्ये भारताने सुमारे ७ लाख १६ हजार टन गोठवलेली कोळंबी निर्यात केली. तिचे मूल्य ४० हजार कोटी रुपयांहून अधिक होते. जगभरात दरवर्षी सुमारे ४४० अब्ज पाळीव कोळंब्या मारल्या जातात, असा एक अभ्यासपूर्ण अंदाज आहे. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांची संख्याही याच्या पुष्कळ खाली राहते.

या जीवांचे हाल तीन ठिकाणी होतात. पहिले ठिकाण बीजोत्पादन केंद्र. मादीच्या डोळ्याच्या देठात अंडी पक्व होण्यास अडविणारे संप्रेरक तयार होते. म्हणून एका डोळ्याचा देठ कापतात किंवा चिरडतात. दुसरे ठिकाण तळे. भारतातील नियमांनुसार व्हनामीची दाटी एका चौरस मीटरला ६० पर्यंत ठेवता येते. दाटी वाढली की पाण्यात अमोनिया साचतो, पहाटेच्या वेळी प्राणवायू कमी पडतो आणि रोग पसरतात. तिसरे ठिकाण काढणीचे. कोळंबी बर्फाच्या पाण्यात टाकली जाते आणि गारठून किंवा गुदमरून सावकाश मरते.

वेदनेचा पुरावा

२००७ मध्ये बेलफास्ट येथील प्राध्यापक रॉबर्ट एलवूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जातीच्या झिंग्यांच्या मिशीला सौम्य आम्ल लावले. झिंगे तीच मिशी पुनःपुन्हा साफ करू लागले व काचेवर घासू लागले. बधिर करणारे औषध लावल्यावर हे वर्तन कमी झाले. परंतु २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अशाच वर्गातील तीन जातींवर आम्लाचे प्रयोग केले, तेव्हा तशी प्रतिक्रिया आढळली नाही. २०२१ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासगटाने शेकडो संशोधनांचा आढावा घेतला. खेकड्यांविषयीचा पुरावा भक्कम, तर व्हनामी ज्या कुळातील आहे त्याविषयीचा तुटपुंजा, कारण अभ्यासच थोडे झालेले, असे त्यांना दिसले. तरीही संशयाचा लाभ जीवाला द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने या संपूर्ण वर्गाला संवेदनशील प्राणी मानले.

संस्था आणि तिची पारख

श्रिम्प वेल्फेअर प्रोजेक्ट ही संस्था २०२१ मध्ये स्थापन झाली. भारतातील कोळंबी उत्पादकांबरोबरही तिने पाण्याची प्रत आणि दाटी यांबाबत काम केले आहे. तिचा मुख्य उपक्रम मात्र वेगळा आहे. विजेच्या झटक्याने कोळंबीला क्षणात बेशुद्ध करणारे यंत्र ती उत्पादकाला विनामूल्य देते. वर्षाला किमान १२ कोटी कोळंब्या या रीतीने हाताळण्याचे वचन उत्पादकाने द्यावयाचे असते. एका डॉलरमागे दरवर्षी सुमारे १,५०० कोळंब्यांना लाभ होतो, असा संस्थेचा स्वतःचा अंदाज आहे. डॉलर ८५ रुपयांचा धरल्यास एका रुपयामागे सतरा-अठरा कोळंब्या.

आकडा डोळे दिपविणारा आहे. म्हणूनच येथे थांबून पारख केली पाहिजे. त्यासाठी पाच प्रश्न विचारता येतात.

पहिला : लाभ नेमका कोणता? यंत्रामुळे कोळंबीचा जीव वाचत नाही. तिचे शेवटचे काही क्षण सुसह्य होतात. तळ्यातील काही महिन्यांचे जिणे तसेच राहते.

दुसरा : दिलेले वचन प्रत्यक्षात उतरते काय? यंत्र बसविणे वेगळे आणि रोज चालविणे वेगळे. झटका कमी पडला तर कोळंबी बर्फात पुन्हा शुद्धीवर येऊ शकते. म्हणून किती यंत्रे वाटली यापेक्षा ती कशी चालतात याची तपासणी महत्त्वाची.

तिसरा : संस्था नसती तर काय झाले असते? परदेशी ग्राहकांच्या आग्रहामुळे उत्पादकाने पुढे स्वतःच यंत्र घेतले असते, तर संस्थेचे श्रेय तेवढे कमी होते. उलट तिच्या यंत्रामुळे शेजारच्या उत्पादकांनाही ही रीत पटली, तर श्रेय वाढते.

चौथा : हिशेब कितपत ठिसूळ आहे? लाभ म्हणजे संख्या, दुःखाचा काळ, त्याची तीव्रता आणि वेदना होत असण्याची शक्यता यांचा गुणाकार. एक अंक दहापट चुकला तर उत्तरही दहापट चुकते. मात्र संख्या इतकी प्रचंड आहे की शक्यता अल्प धरूनही उत्तर शून्य होत नाही.

पाचवा : आणखी पैसा मिळाल्यास तो कामी लागेल काय, आणि संस्था आपल्या चुका सांगते काय? प्राणिहिताच्या संस्थांची तुलना करणाऱ्या अॅनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्सने २०२३ मध्ये या संस्थेची शिफारस केली. अशी शिफारस उपयुक्त खरी, पण आपली विचारबुद्धी तिच्याकडे गहाण टाकावयाची नसते.

आपला संबंध

भगवान बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, असे सांगितले. दानालाही तोच नियम लागू आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतरच्या सव्विसाव्या वर्षी कोरविलेल्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. तीत हाडे नसलेल्या माशाचाही उल्लेख आहे. तो प्राणी कोणता याविषयी मतभेद असले, झिंगा हा त्याचा एक संभवनीय अर्थ असला, तरी इतक्या लहान जीवापर्यंत राजाज्ञा पोहोचली होती, ही गोष्ट विचार करावयास लावते.

येथे एक आक्षेप योग्यच आहे. वसतिगृहातील मुलांना पुस्तके हवी असताना कोळंबीचा विचार कशाला? आणि ज्या ढिवर कुटुंबाची चूल झिंग्यावर पेटते, त्याला आपण दोषी ठरवणार काय? मुळीच नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. त्या भेदाच्या प्रकाशात पाहता, पोटासाठी जाळे टाकणाऱ्यावर बोट ठेवण्याचे कारण नाही; टाळता येण्याजोगे दुःख न टाळणाऱ्या मोठ्या व्यवसायाला मात्र प्रश्न विचारता येतो. विद्यार्थ्यांसाठीचे दान कमी करावे, असेही येथे सुचवावयाचे नाही.

सुचवावयाचे आहे ते इतकेच : शाळेला द्या, रुग्णालयाला द्या किंवा झिंग्यांसाठी द्या, परंतु हे पाच प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारा. ते आपल्या स्वतःच्या संस्थांनाही विचारा. दुःख कोणाचे, किती आणि आपल्या रुपयाने त्यातले किती कमी झाले, हे पाहून दिलेल्या दानात करुणा आणि प्रज्ञा या दोहोंना जागा मिळते. या शाळेने आपल्याला या दोन्ही गोष्टी एकत्रच शिकविल्या आहेत.