आई कोणाच्या विवरणपत्रात?

रिसोड तालुक्यातील एखाद्या खेड्यात पंच्याहत्तरी ओलांडलेली आई असावी, वडील मुलगा सोयाबीन-तुरीची शेती सांभाळून तिच्याजवळ राहत असावा, मधला वाशीमला मास्तर, धाकटा पुण्याच्या कंपनीत आणि लेक अकोल्यास बँकेत नोकरीस असावी, आणि आईच्या औषधपाण्याचा भार चौघांनी मिळून वाहावा, असे कुटुंब शोधावयास या जिल्ह्यात फार हिंडावे लागत नाही. विवरणपत्र भरण्याची मुदत जवळ आली म्हणजे मात्र प्रश्न उभा राहतो, की करापुरती ही आई कोणाची?

कायद्याने नाते पाहिले खरे, परंतु निवाडा ठेवला पावतीवर. 1961 च्या आयकर अधिनियमात जे कलम 80डी म्हणून ओळखले गेले, त्यान्वये आईचे वय साठ वा अधिक असल्यास तिच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यापोटी, आणि विमा नसेल तर प्रत्यक्ष उपचारखर्चापोटी, 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. आई मुलावर अवलंबून असलीच पाहिजे, अशी अट तेथे नाही. तेव्हा मास्तरांनी 18,000 आणि लेकीने 12,000 रुपये आपापल्या खात्यातून दिले असतील, तर ज्याने जेवढे दिले तेवढेच त्याने मागावे. एकच रुपया दोन विवरणपत्रांत दाखविता येत नाही, आणि रोखीने दिलेला हप्ता वा उपचारखर्च हिशेबात धरला जात नाही. शिवाय ज्याने नवी करप्रणाली पत्करली, किंवा जुनी मागून घेण्यास जो विसरला, त्याच्या वाट्यास ही वजावट येतच नाही; धाकट्याचे बहुधा असेच होते.

आई दिव्यांग असेल तर मामला निराळा. 80डीडी कलमाची वजावट प्रत्यक्ष खर्च कितीही असो 75,000 रुपयांची, आणि तीव्र दिव्यांगतेस 1,25,000 रुपयांची. पण तेथे आश्रित व्यक्ती करदात्यावर 'पूर्णतः किंवा मुख्यतः' अवलंबून असावी लागते. चौघांत वाटलेल्या भारात 'मुख्यतः' कोण, याचा निर्णय भावंडांनी दाखला काढण्यापूर्वीच आपसांत करून ठेवावा, हे शहाणपणाचे.

अमेरिकेने या भांडणासाठी स्वतंत्र फॉर्मच छापला आहे: निम्म्याहून अधिक पोषण कोणाही एकाने केले नसेल, पण सर्वांनी मिळून केले असेल, तर दहा टक्क्यांहून अधिक भार उचलणाऱ्यांपैकी एकाने दावा करावा आणि इतरांनी लेखी माघार घ्यावी. मात्र न्यू जर्सीतील वऱ्हाडी मुलास गावी राहणाऱ्या, भारतीय नागरिक असलेल्या आईसाठी त्याचा उपयोग नाही. आश्रित व्यक्ती अमेरिकेची नागरिक वा रहिवासी, अथवा कॅनडा-मेक्सिकोत राहणारी असावी लागते.

राहिला वडील मुलगा. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून त्याला विवरणपत्र नाही आणि वजावटही नाही. रात्री-अपरात्री आईला मोटारसायकलवर बसवून रिसोडच्या दवाखान्यात नेणारा तोच, आणि औषधांचे पैसे खिशातून रोख काढून देणाराही तोच. मास्तर दर जुलैत त्याच्याकडे पावत्या मागतात, आणि तो विचारतो, "कायच्या पावत्या?"