आतड्याची गाठ यकृतात कशी जाते?

मैत्रिणींनो, आतड्याचा कॅन्सर पुष्कळदा यकृतातच पसरतो. एक कारण साधं: आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं. दुसऱ्याचं आम्हाला फार नवल वाटलं. यकृत ‘सीएक्ससीएल-१२’ नावाचं रसायन सोडतं. कॅन्सरच्या काही पेशींवर ‘सीएक्ससीआर-४’ हा रिसेप्टर असतो, नाकच म्हणा ना! गुळाकडे मुंग्या जाव्यात तशा त्या पेशी तिकडे ओढल्या जातात.

हे नाक बंद करणारं प्लेरिक्साफोर हे इंजेक्शन अमेरिकेत २००८ साली मंजूर झालं, पण रक्त बनवणाऱ्या पेशी हाडांतून रक्तात आणण्यासाठी. आतड्याच्या कॅन्सरवर अशी औषधं अजून संशोधनातच आहेत. म्हणून कुणी ‘नवं इंजेक्शन’ सांगून पैसे मागितले, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा: हे मंजूर आहे की चाचणीतलं? आणि शौचातून रक्त जात असेल, तर मूळव्याध समजून अंगावर काढू नका. तपासून घ्या.