गल्ल्यातील रोकड म्हणजे नफा नव्हे!

हाताला चव आहे, जागा मोक्याची आहे आणि ओळखीपाळखीही भरपूर आहेत, एवढ्या शिदोरीवर खानावळ किंवा बेकरी सुरू करण्याचे स्वप्न गोव्यातील अनेक तरुण पाहतात. मात्र उत्तम स्वयंपाक येणे आणि खानावळ चालविता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पहिले घरात किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिकता येते. दुसरे शिकण्यापूर्वीच अनेकांचे भांडवल गुंतलेले असते. लघुउद्योग व्यवस्थापनाच्या अभ्यासाचे खरे मोल येथेच आहे. जी चूक धंद्यात लाखांना पडते, ती या अभ्यासात कागदावरच लक्षात येते.

एका थाळीचे गणित

समजा, एका खानावळीचे दरमहा भाडे २५ हजार रुपये, कामगारांचा पगार ४० हजार आणि वीज व कर्जावरील व्याज मिळून १५ हजार रुपये आहे. गिऱ्हाईक आले काय, न आले काय, हा ८० हजारांचा खर्च टळत नाही. यालाच स्थिर खर्च म्हणतात. थाळी १५० रुपयांना विकली जाते आणि तिच्यासाठी मासळी, तांदूळ, नारळ, गॅस यांवर ९० रुपये खर्ची पडतात. म्हणजे प्रत्येक थाळीमागे ६० रुपये उरतात. ८० हजारांचा स्थिर खर्च भरून काढण्यासाठी महिन्याला १,३३४ थाळ्या, अर्थात २६ दिवसांच्या हिशेबाने रोज सुमारे ५२ थाळ्या विकल्या गेल्या पाहिजेत. हा 'ना नफा, ना तोटा' बिंदू होय.

पर्यटन हंगामाच्या आठ महिन्यांत रोज ८० थाळ्या खपल्या, तर दरमहा ४४,८०० रुपये शिल्लक पडतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत खप ३५ थाळ्यांवर आला, तर दरमहा २५,४०० रुपयांची तूट येते. वर्षाचा मेळ घातला असता २,५६,८०० रुपये हाती राहतात, म्हणजे महिन्याला सरासरी २१,४०० रुपये. यात मालकाने स्वतःचा पगार अद्याप धरलेलाच नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या माणसाला तेवढेच पैसे नोकरीत मिळत असतील, तर त्याने नफा कमावला असे म्हणता येत नाही. शिवाय हंगामात दिसणारे ४४,८०० रुपये घरखर्चात किंवा नव्या दुचाकीत गेले, तर पावसाळ्यातील एक लाखाहून अधिक तूट भरून काढण्यासाठी कर्जच काढावे लागते.

गिऱ्हाईक वाढविण्यासाठी थाळीची किंमत दहा रुपयांनी उतरविली, तर काय होईल? किंमत सात टक्क्यांहूनही कमी घटली; परंतु थाळीमागील शिल्लक ६० वरून ५० रुपयांवर आली. आता तोटा टाळण्यासाठी १,६०० थाळ्या विकाव्या लागतील, म्हणजे खपात २० टक्के वाढ हवी. शेजाऱ्याने दर उतरविला म्हणून आपणही उतरविण्यापूर्वी हे गणित मांडले पाहिजे.

उधारी आणि कायदा

मसाले, लोणची किंवा बेकरीचा माल तयार करून हॉटेलांना पुरविणाऱ्यांची अडचण निराळी असते. वहीत नफा दिसतो. पण रक्कम हातात नसते. कच्च्या मालाचे पैसे आज द्यावे लागतात, विकलेल्या मालाचे महिन्या-दोन महिन्यांनी येतात. मधल्या काळासाठी लागणारे खेळते भांडवल अनेक जण आराखड्यात धरतच नाहीत. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांना २००६ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत खरेदीदाराने रक्कम चुकती करायची असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. ही नोंदणी विनामूल्य आहे.

वरील खानावळीची वार्षिक विक्री ३० लाखांवर जाते. सेवांसाठी वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा २० लाख असल्याने तिला नोंदणी अटळ आहे. थाळीचा दर ठरविताना हा कर धरला नाही, तर तो मालकाच्याच खिशातून जातो.

गोव्यात आणखी एक बाब ध्यानात ठेवावी लागते. येथील नागरी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे घर किंवा जमीन तारण ठेवायची झाल्यास जोडीदाराची संमती लागते. अशा दांपत्याचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न आयकरासाठी दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. धंदा एकाच्या नावावर असला, तरी त्याचा हिशेब दोघांनाही ठाऊक असणे म्हणूनच गरजेचे आहे.

शिकावे कोठे?

यासाठी मोठी पदवीच हवी असे नाही. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या स्वयंरोजगार प्रशिक्षणाच्या प्रयोगातून पुढे देशभर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. तेथे ग्रामीण तरुणांना विनामूल्य प्रशिक्षण मिळते. २००८ पासूनच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात तर उद्योजकता प्रशिक्षण कर्जाशी जोडलेले आहे. ते केवळ प्रमाणपत्रापुरते उरकणे म्हणजे हाती आलेली संधी दवडणे होय.

वर्गात बाजाराची नस कळत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी दुसऱ्याच्या व्यवसायात एक हंगाम आणि एक पावसाळा काम करून पाहावे. तेथे रोज किर्द लिहिण्याची सवय लावून घ्यावी, माल कोठून व काय भावाने येतो हे टिपून ठेवावे. त्यानंतर स्वतःचे आकडे कागदावर मांडावेत. त्यात जुलै महिन्याची तूट कशी भरून निघणार याचे उत्तर मिळाले, तरच जागेची अनामत रक्कम भरावी.