आधी बॉनेट, मग रंग

सकाळी ६:००, डोंबिवली

बॅगेत स्कॅनर, कम्प्रेशन गेज, टॉर्च, हँडलचा छोटा आरसा, पाने आणि अंगावर चढवायला जुना शर्ट. जुनी गाडी घेणाऱ्यांना ती तपासून देणं हे माझं काम. आजची गाडी ऑक्टाव्हिया आरएस. २००४मध्ये ती आपल्याकडे आली तेव्हा १.८ लिटरचं टर्बो इंजिन, २० व्हॉल्व्ह, दीडशे हॉर्सपॉवर हे आकडे कॉलेजातल्या पोरांना तोंडपाठ होते. तीच पोरं आता चाळिशीत आली आहेत, हातात चार पैसे आहेत आणि तेव्हाची गाडी दारात हवी आहे. ही ओढ खरी असते. म्हणूनच तिच्यापायी कुणी बुडू नये असं मला वाटतं.

मालकांना काल रात्रीच सांगून ठेवलंय, "साहेब, मी येईपर्यंत गाडीला सेल्फ मारू नका."

७:१५, घोडबंदर रोड

मोठागाव-माणकोली पुलामुळे शिळफाट्याचा वळसा वाचला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खरेदीदार माझ्या आधीच हजर. "काका, पेंट बघा, ओरिजिनल वाटतोय."

"रंग नंतर बघू. आधी बॉनेट उघड."

प्रत्येक इंजिनाची दुखणी ठरलेली असतात. ती माहीत असली की कुठे बघायचं ते कळतं, नाहीतर माणूस गाडीभोवती नुसता फिरत राहतो.

सेल्फ न मारता फक्त चावी फिरवून स्कॅनर लावला. कूलंट २४ अंश, आत येणारी हवा २४ अंश. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन आकडे जुळायलाच हवेत. कूलंटचा आकडा चढा असेल तर कुणीतरी पहाटे इंजिन तापवून ठेवलंय. अगदीच भलता असेल तर सेन्सर गेलाय, आणि ह्या इंजिनात तो जातो. मग पेट्रोल जास्त जळतं आणि थंडीत गाडी सुरू होताना रडते. जुने फॉल्ट कोड आदल्या दिवशी पुसले असतील तर तेही कळतं, कारण इंजिनाच्या स्वतःच्या चाचण्या तेव्हा अपूर्ण दिसतात.

७:४५

ऑइलची कॅप काढून टॉर्च मारला. आत धातूवर फिकट सोनेरी छटा असेल तर ठीक. काळा, चिकट थर दिसला की मी सावध होतो. टर्बोच्या उष्णतेनं ऑइल करपतं, त्याचा गाळ होतो आणि तो चेंबरमधल्या जाळीत अडकतो. मग ऑइलचं प्रेशर पडतं आणि टर्बोसकट बेअरिंगं जातात. स्वस्त ऑइल आणि लांबवलेली सर्व्हिस ही मुख्य कारणं. इथे छटा सोनेरी आहे आणि सिंथेटिक ऑइलची बिलं फाइलमध्ये आहेत.

टायमिंग बेल्टचं बिल मात्र नाही. मालक म्हणतात, "बदललाय." बदललाही असेल. पण ह्या इंजिनात वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि कंपनीच्या जुन्या पंपाचा पंखा प्लॅस्टिकचा असायचा. तो तडकला की पाणी फिरत नाही, इंजिन तापतं. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट किलोमीटरनं जातो तसाच वर्षांनीही जातो. म्हणून बिल नसेल तर बेल्ट, टेंशनर आणि धातूच्या पंख्याचा पंप हा सगळा खर्च आजच्या किमतीतून वजा.

८:३०

आता सेल्फ. पहिले दहा सेकंद कुणी बोलायचं नाही. हेडमध्ये दोन कॅमशाफ्टना जोडणारी एक छोटी चेन असते, तिचा टेंशनर थकला की सुरुवातीला खडखड येते. इथे आली नाही. मागे सायलेन्सरपाशी पांढरा रुमाल धरला. निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय. रुमालावर फक्त ओल आली.

मग डायव्हर्टर व्हॉल्व्ह सोडवून हातात घेतला. आतला दट्ट्या बोटानं दाबायचा, वरचं छोटं भोक अंगठ्यानं बंद करायचं आणि दट्ट्या सोडायचा. पडदा शाबूत असेल तर दट्ट्या तिथेच थांबतो. हा हळूहळू परत आला. पडदा फाटलाय, टर्बोचं प्रेशर गळतंय. पार्ट छोटा आहे, पण चालवताना गाडी "ढिली" वाटण्याचं कारण हेच. इनटेकखालचे रबरी ब्रीदर पाइपही दाबून बघितले. दोन ठिकाणी चिरा निघाल्या.

१०:००, कापूरबावडी

टेस्ट ड्राइव्हला लोक मोकळा रस्ता शोधतात. मी आधी मुद्दाम ट्रॅफिकमध्ये घालतो. वीस मिनिटं रांगेत उभं राहिल्यावर रेडिएटरचा फॅन वेळेवर लागतो का आणि काटा मध्यावर टिकतो का, हे कापूरबावडीइतकं नीट कुठेच कळत नाही. काटा हलला नाही. मग मोकळ्या पट्ट्यात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर. कॉइल कमजोर असेल तर मिसिंग इथेच येतं. नाही आलं.

११:३०, वागळे इस्टेट

ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर. प्लग काढून कम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे. इंजिन आतून निरोगी आहे.

दुपारी २:००

आता कागद. १५ वर्षांवरच्या गाडीचं पुन्हा पासिंग लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५मध्ये १०,००० रुपये झालं. आरसीची मुदत आणि बँकेचा बोजा उतरलाय का, हे मी स्वतः बघतो. गाडी एमएच ०४ची आणि खरेदीदार कल्याणचा, म्हणजे एमएच ०५चा; राज्य तेच. दिल्लीहून आलेली स्वस्त गाडी असती तर एनओसी आधी मागितली असती.

४:३०, कल्याण पश्चिम

दुसरी गाडी, एक टर्बो हॅचबॅक. इथे इंजिनाआधी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. टोकाकडे मातीची रेघ. कार्पेटखाली वाळलेला गाळ, सीटच्या नटांना गंज. २००५ आणि २०१९च्या जुलैत उल्हास नदीनं ह्या पट्ट्यात काय केलं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुरात बुडालेल्या गाडीचं वायरिंग वर्षानुवर्षं आतून कुजत राहतं. पंधरा मिनिटांत "नको" सांगितलं. खरेदीदार बाई हिरमुसल्या. तपासणीचे पैसे वाया गेले असं त्यांना वाटू नये, म्हणून गाळ त्यांच्याच बोटाला लावून दाखवला.

६:३०

आरएसचा रिपोर्ट लिहिला. बेल्ट, पंप, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, ब्रीदर पाइप, शिवाय पेट्रोलचे जुने रबरी पाइप. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ती गाडी बनलेलीच नव्हती. प्रत्येक ओळीसमोर आजचा भाव.

फोन लावला. "घे. पण ही बेरीज किमतीतून वजा करून बोल, आणि गाडी घरी नेण्याआधी थेट गॅरेजला ने. बेल्ट बदलेपर्यंत जोरात पळवायची नाही."

"मालक तेवढे कमी नाही झाले तर, काका?"

"तर सोड. कमी झालेल्या पैशातच तिची दुरुस्ती आहे. खिसा रिकामा करून घेतलीस तर पहिल्या बिघाडालाच ती पार्किंगमध्ये कव्हरखाली जाईल, आणि अशी चांगली इंजिनं उभी राहूनच मरतात."