सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातलं एक गाव. कापूस वेचणीचे दिवस आहेत. सकाळचे साडेदहा वाजलेत आणि गल्लीत माणूस नाही. बायका केव्हाच वावरात गेल्या आहेत. समाजकार्याचे तीन विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी आले आहेत, सोबत त्यांच्या प्राध्यापक बाई. मी त्यांच्या मागे अंगणात शिरतो.

घरातल्या बाईचा दीर लगबगीने शेजारून प्लास्टिकच्या खुर्च्या आणवतो. पाहुणे बसतात, एक खुर्ची ओढून तोही बसतो. जिची माहिती विद्यार्थ्यांना फॉर्ममध्ये भरायची आहे, ती बाई चौकटीला टेकून खाली बसली आहे. नवऱ्याने विष घेतलं त्याला तीन वर्षं झालीत. बोंडांच्या वाळक्या टोकांनी तिची बोटं ओरखडलेली आहेत. आज तिचा खाडा आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे या मुलाखतीचा खर्च तीच सोसते आहे.

‘मृत्यूचं कारण?’ विद्यार्थी विचारतो. दीर सांगतो. ‘कर्ज कुणाचं?’ दीर सांगतो, ‘सोसायटीचं.’ ‘मुलं किती?’ हेही दीरच सांगतो. पेन भराभर चालतं. फॉर्म तिचा, आवाज त्याचा.

घाटंजीकडची एक विद्यार्थिनी अस्वस्थ होऊन खुर्चीवरून उठते आणि तिच्याजवळ जमिनीवर बसते. ती बाई एकदम गडबडते. ‘अवं पोरी, खाली नोको बसू, ड्रेस खराब होईन तुहा,’ म्हणत पोतं पुढे सरकवते. दोघीही अवघडतात. मुलीच्या मनात काही वाईट नाही. पण तिला वाटेल तेव्हा उठून खुर्चीवर बसता येतं. ही सोय त्या बाईला स्वतःच्या अंगणात नाही.

प्राध्यापक बाई हे बघत असतात. त्या दिराला शांतपणे म्हणतात, ‘भाऊ, सातबारा दाखवता का जरा?’ तो पेटीत कागद शोधायला आत जातो. तेवढ्या वेळात मुलगी हळूच विचारते, ‘काकू, आणखी कोणाचं देणं होतं का?’

‘सोसायटीचं त थोडंच होतं. गटाचं कर्ज माह्या नावावर हाये. फायनान्सवाला येते ना वसुलीले.’ मघापासून गप्प बसलेली बाई आता थांबत नाही. लेकीची फी, दवाखाना, माहेरून आणलेले पैसे, सगळं सांगते. फॉर्ममध्ये यासाठी एक ओळही नाही.

दीर सातबारा आणतो. त्यावर दोन्ही भावांची नावं आहेत, गेलेल्याचंही तसंच. वारस नोंद झालेलीच नाही. कायद्याने पत्नी, मुलं आणि मृताची आई पहिल्या वर्गाचे वारस आहेत. तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, फेरफार घ्यायचा आणि मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर करायचा, अशी रीत आहे. कर्जाला तिचं नाव लगेच चाललं, जमिनीला अजून लागलेलं नाही. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या 505 पत्नींशी बोलून पाहिलं, तेव्हा सुमारे 40 टक्के जणींना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता.

‘घरातल्या घरात हाये जी, कुठं पळून जाते का जमीन,’ दीर हसत म्हणतो. तोही पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी. तहसीलच्या बाकावर तासन्‌तास बसवून ठेवला जाणारा. तिथे त्याचाही आवाज असाच बसतो.

याच तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी 11 जानेवारी 2019 ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. शेतकऱ्याची विधवा व्यासपीठावरून बोलली आणि महाराष्ट्राने ऐकलं. इथे अंगणात मात्र बाईला बोलता यावं म्हणून दिराला आत पाठवावं लागतं.

अंगणाच्या कडेला कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, एक मजूर बाई कधीची उभी आहे. मागच्या आठवड्याची मजुरी न्यायला आली आहे. ‘थांब जराशी, दिसत नाही का पाव्हणे आले हायेत,’ घरातली बाई तिला म्हणते. मघाशी चौकटीपाशी दबलेला तोच आवाज आता चढलेला आहे. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती पुस्तकात वाचलेल्या मुलांना या एका वाक्यात ऐकू येते.

विद्यार्थी कोलाम बाईकडे वळतो. तिच्याही नवऱ्याने विषच घेतलं होतं. मक्त्याची शेती करायचा. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत ठरली: 30 हजार हातात, 70 हजार खात्यात ठेव. त्यासाठी जमीन मृताच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर हवी, आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. हिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. प्रकरण अपात्र ठरलं. विधवा म्हणून संजय गांधी निराधार योजनेतून पगार मागावा, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो.

‘या फारमानं काय होईन?’ ती विचारते. विद्यार्थी प्राध्यापक बाईंकडे बघतो. त्या उत्तर देत नाहीत. त्यालाच द्यायला लावतात. ‘मावशी, हा आमच्या अभ्यासाचा आहे. यातून तुम्हाला काही मिळणार नाही,’ तो खरं ते सांगतो. मग फॉर्म मिटून कोरा कागद काढतो.

त्या कागदावर वारस नोंदीचा अर्ज लिहिला जातो. घरातली बाई सही करते. दीर कुरकुरतो, पण अर्जात त्याच्या आईचंही नाव आहे, त्यामुळे फार बोलत नाही. कोलाम बाईच्या दाखल्यासाठी कोणकोणते कागद लागतील, ते वेगळं टिपलं जातं. पुढची भेट वेचणी आटोपल्यावर, संध्याकाळी, आणि पहिल्यांदा पोडावर, असं ठरतं.

समाजकार्य शिकवणाऱ्यांनी क्षेत्रकार्याच्या अहवालात चार प्रश्न सक्तीचे करावेत: बोललं कोण, खाडा कुणाचा झाला, जमीन कुणाच्या नावावर आहे, आणि फॉर्ममध्ये कोण बसलंच नाही. सहानुभूतीने सत्ता जागची हलत नाही. फेरफाराच्या नोंदीने ती थोडी हलते, आणि तेवढं करून घेणं हेच या कामाचं माप आहे.