घराच्या वेळेत बसणारा धंदा

माणदेशात पाऊस कमी, त्यामुळे करिअर म्हणजे गाव सोडणं. आटपाडी-खानापूरकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर पांगले. मागे म्हातारी माणसं, पोरं आणि शेरडं बाईनं सांभाळली. तिला धंदा करायचा तर तो घराच्या आसपासच उभा करावा लागतो. अडचण हिमतीची नसते, वेळेची असते. म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेनं हे ओळखलं. प्रवर्तकांत निरक्षर बाया, म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला. व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो, असं सांगत त्या पुन्हा गेल्या आणि १९९७ मध्ये बँक सुरू झाली. बँकेची खेप म्हणजे बुडालेला रोज. म्हणून बचत गोळा करणारीच भाजीच्या पाटीपाशी येते आणि दिवसाच्या गल्ल्यातली चिल्लर मोजून घेते.

घर सांभाळून केलेल्या धंद्यानं बाईवर दुहेरी ओझं पडतं, हा आक्षेप खोटा नाही. दारी आलेली बँक काही भांडी घासत नाही! पण ते ओझं धंद्याआधीही होतंच, फक्त बिनपगारी. खातं तिच्या नावावर असलं, की शेळी विकायची का ठेवायची हे तिला विचारावं लागतं. चूल कोण पेटवणार, हे मात्र कर्जाच्या अर्जात अजून कुणी विचारत नाही.