नवा हंगाम, जुने गुरुजी



नोव्हेंबर महिना आला की आपल्या शाळांतून वर्षअखेरच्या परीक्षांची गडबड असते. माझ्या मनात मात्र त्याच वेळी आणखी एका परीक्षेची तयारी चाललेली असते. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या आरंभी सुरू होतो, आणि लॉस एंजेलिस येथील यूसीएलए या विद्यापीठाचा पुरुष संघ, ज्याला तेथील लोक ‘ब्रुइन्स’ म्हणतात, पुन्हा मैदानात उतरतो. या संघाचा मी चाहता आहे.

बेटावरच्या शिक्षकाला हे वेड कुठून लागले, असे आपण विचाराल. माझा भाचा शिकण्यासाठी तिकडे गेला आणि त्याने मामाला हा रोग लावला. योगायोग असा की हिवाळ्यात लॉस एंजेलिस आणि आपले बेट यांच्या वेळेत बरोबर १२ तासांचे अंतर असते. तिकडे संध्याकाळचे सात वाजले की इकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात. घड्याळाचे काटेही बदलावे लागत नाहीत. तिकडच्या शुक्रवारच्या सामन्याला मी शनिवारी सकाळी चहाचा पेला घेऊन बसतो. मार्चमध्ये तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात, मग मलाही एक तास आधी उठावे लागते.

परंतु मी या संघाकडे ओढला गेलो तो खेळामुळे नव्हे, तर एका शिक्षकामुळे. त्यांचे नाव जॉन वुडन. बास्केटबॉल हा खेळच मुळी एका शिक्षकाने जन्माला घातला. १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला टांगल्या. वुडन हे त्याच परंपरेतले. ते माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवीत. परीक्षेत वरची श्रेणी मिळाली नाही तर मुलाला आणि त्याच्या शिक्षकाला पालक दोष देत, हे त्यांना खटके. म्हणून १९३४ साली त्यांनी यशाची स्वतःची व्याख्या केली. आपल्या कुवतीप्रमाणे सर्व प्रयत्न केल्याचे जे मनःसमाधान, तेच यश, असा तिचा आशय. अध्यापक प्रशिक्षणाच्या वर्गात आम्ही पुष्कळ सिद्धांत शिकलो. पण निकालपत्र हातात घेऊन पालक समोर उभे राहतात तेव्हा मला आठवण होते ती या व्याख्येची.

पुढे वुडन इंडियाना राज्यातील एका अध्यापक महाविद्यालयाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. १९४७ साली त्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रण आले. पण स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता आणि वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. वुडन यांनी आमंत्रण नाकारले. दुसऱ्या वर्षी नियम बदलला आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळला. ज्यांच्या पूर्वजांनी परक्यांच्या मळ्यात घाम गाळला, त्या आपल्यासारख्या घरांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

१९४८ साली ते यूसीएलएत आले. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले ते १९६४ साली. म्हणजे मध्ये कितीतरी वर्षे गेली! आज एवढा धीर कोण धरील? त्यानंतर मात्र १९७५ पर्यंतच्या १२ वर्षांत १० अजिंक्यपदे आली, आणि १९७१ ते १९७४ या काळात लागोपाठ ८८ विजय. करीम अब्दुल-जब्बार (तेव्हाचे ल्यू अल्सिंडोर) आणि बिल वॉल्टन हे त्यांचेच शिष्य. अशा धिप्पाड, नामांकित मुलांनाही पहिल्या दिवशी हे गुरुजी काय शिकवीत? मोजे कसे घालावे आणि बुटांचे बंद कसे बांधावे! मोजाला सुरकुती पडली की पायाला फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. पाया पक्का करणे म्हणतात ते हेच. वुडन २०१० साली, वयाच्या ९९ व्या वर्षी वारले.

अकरावे अजिंक्यपद १९९५ साली आले. त्या अंतिम सामन्यात एड ओबॅनन या खेळाडूने ३० गुण मिळवले. २०२१ साली मिक क्रोनिन यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने पात्रता फेरीपासून सुरुवात करून पाच सामने जिंकले आणि शेवटच्या चारांत धडक मारली. उपांत्य सामना मी आपल्याकडच्या रविवारी पहाटे पाहिला. वेळ संपली तेव्हा गुण समान होते, म्हणून जादा वेळ दिला गेला. त्याच्याही शेवटच्या क्षणी गोन्झागा विद्यापीठाच्या जेलन सग्जने मैदानाच्या जवळजवळ मध्यावरून चेंडू फेकला, तो फळीला लागून टोपलीत गेला. ९३-९०. घरातले सगळे झोपलेले, आणि मी एकटाच डोक्याला हात लावून बसलेला!

असो. आता येत्या हंगामाकडे पाहू या.

पहिली अडचण प्रवासाची. पूर्वी हा संघ पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या गटात खेळे. ऑगस्ट २०२४ पासून तो ‘बिग टेन’ या गटात गेला. नावात दहा, पण त्या वर्षी त्यात १८ विद्यापीठे झाली आणि त्यांपैकी बरीचशी देशाच्या मध्यभागी व पूर्वेकडे आहेत. न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठ लॉस एंजेलिसहून सुमारे ४,००० किलोमीटर दूर, आणि वेळेत तीन तासांचा फरक. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फातून जायचे, रात्री खेळायचे, पुन्हा परत येऊन वर्गात बसायचे. म्हणून मी परक्या मैदानावरचे सामने बारकाईने पाहणार. दमलेला खेळाडू आधी बचावात ढिला पडतो, मग त्याचे फ्री थ्रो चुकू लागतात. ही दोन लक्षणे दिसली की समजावे, पोरे थकली.

दुसरी अडचण मोठी आहे. भाचा मला म्हणतो, “मामा, या वर्षीच्या मुलांची नावे पाठ करू नका. पुढच्या वर्षी ती दुसऱ्याच विद्यापीठात असतील.” त्याचे म्हणणे खोटे नाही. २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर व छायाचित्रावर पैसे मिळवू लागले, २०२४ साली अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता कितीही वेळा विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट मोबदला देऊ लागली. ज्या मुलाला घडवायचे तो उद्या इथे राहील याचीच खात्री नाही. मग मोजे घालायला कोणाला शिकवायचे?

याचा मला राग येई. मागे एकदा तर मी पहाटे उठणेच सोडावे असे ठरवले होते. पण विचार करता दुसरी बाजू दिसली. १९९५ चा तो एड ओबॅनन आठवतो ना? काही वर्षांनी त्याला एका व्हिडिओ खेळात हुबेहूब स्वतःसारखा खेळाडू दिसला. खेळ विकला जात होता, त्याला मात्र एक पैसाही नव्हता. २००९ साली तो न्यायालयात गेला आणि २०१४ साली निकाल महत्त्वाच्या मुद्द्यांवर त्याच्या बाजूने लागला. विद्यापीठे आणि दूरचित्रवाणी कंपन्या ज्यांच्या घामावर श्रीमंत झाल्या, त्या मुलांनी आपला वाटा मागितला तर आपण त्यांना लोभी का म्हणावे? श्रमाचे दाम मागणे हा गुन्हा नव्हे, हे तर आपल्या आजोबांनीच आपल्याला शिकवले.

तेव्हा या हंगामात मी तक्रार करणार नाही. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली मुले मार्चपर्यंत एक संघ होतात का, एवढेच पाहीन. ते ओळखण्याची खूण सोपी आहे. स्वतः चेंडू टाकता येत असूनही जो अधिक चांगल्या जागी उभ्या असलेल्या सोबत्याकडे पास देतो, तो संघाचा झाला. नोव्हेंबरमध्ये असे पास मोजा आणि फेब्रुवारीत पुन्हा मोजा. संख्या वाढली असेल तर मार्चची चिंता नको. राष्ट्रीय स्पर्धेत एकदा हरले की घरी जायचे असते. तिथे एकट्याचे कसब फार दूर नेत नाही.

शिक्षकाचेही असेच नाही का? जानेवारीत नवा वर्ग येतो, वर्ष संपले की निघून जातो. म्हणून काय आपण पहिल्या दिवशी पेन्सिल नीट धरायला शिकवत नाही? मूल आपल्याकडे एक वर्ष असो की पाच, बुटांचे बंद नीटच बांधायला शिकवायचे.

भाच्याला मी कळवले आहे, या वर्षीही सगळी नावे पाठ करणार. शनिवारी सकाळी सात वाजता कोणाला चहाला यायचे असेल तर दार उघडे आहे.